दोषी ठरलेला उमेदवार आणि मतदार: ट्रम्प खटल्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

न्यूयॉर्कच्या ज्युरीने डोनाल्ड ट्रम्प यांना दोषी ठरवलं तेव्हा आपल्याकडे ३१ मे २०२४ ची पहाट व्हायची होती, रात्रीचे अडीच वाजून गेले होते. सकाळपासून प्रश्न यायला लागले ते अजून थांबलेले नाहीत. नोव्हेंबरात ते निवडून आल्यावर तर त्यांचा पूरच आला. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याचे बारकावे लागतील तेवढेच घेतले आहेत. भर आहे तो लोक कसे वागले आणि का, यावर. तीच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी प्रश्नांचे क्रमांक दिले आहेत.

१. नेमकं झालं काय होतं? थोडक्यात सांगा.

२०१६ च्या निवडणुकीला जेमतेम दोन आठवडे उरले असताना ट्रम्प यांचे तेव्हाचे वकील मायकल कोहेन यांनी स्टॉर्मी डॅनियल्स या प्रौढपटांच्या अभिनेत्रीला १ लाख ३० हजार डॉलर दिले. २००६ मध्ये आपले ट्रम्प यांच्याशी संबंध आले होते, असं तिचं म्हणणं होतं, आणि ते तिने बाहेर बोलू नये यासाठी हे पैसे होते. असे संबंध आले होते हे ट्रम्प यांनी कायम नाकारलं आहे. पुढच्या वर्षी कोहेन यांना त्या पैशांची परतफेड झाली. कर आणि इतर रकमा धरून ती ४ लाख २० हजार डॉलरवर गेली. कंपनीच्या वह्यांत मात्र ती ‘वकिलाची फी’ म्हणून दाखवली गेली. या खोट्या नोंदींचा खटला मॅनहॅटनचे जिल्हा सरकारी वकील अॅल्विन ब्रॅग यांनी चालवला. न्यायाधीश होते हुआन मर्चन. १५ एप्रिल २०२४ ला ज्युरीची निवड सुरू झाली आणि ३० मे रोजी सगळ्या ३४ आरोपांवर ‘दोषी’ असा निकाल आला. अमेरिकेच्या आजी किंवा माजी राष्ट्राध्यक्षाला फौजदारी खटल्यात दोषी ठरवलं जाण्याची ही पहिलीच वेळ.

२. चौतीस गुन्हे? एवढं काय काय केलं होतं?

एकच व्यवहार, पण त्याचे कागद ३४. कोहेन यांची ११ बिलं, खातेवहीतल्या १२ नोंदी आणि ११ धनादेश, असा तो हिशोब आहे. प्रत्येक खोटा कागद हा वेगळा गुन्हा धरला गेला. म्हणून ‘३४ गुन्हे करणारा माणूस’ हे प्रचारातलं वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर असलं तरी ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभं राहतं ते वेगळंच असतं. उलट ‘नुसती कारकुनी चूक’ हेही खरं नाही. चूक आणि हेतुपुरस्सर खोटेपणा यात फरक करणं हेच ज्युरीचं काम होतं, आणि तो हेतू सिद्ध झाला असं बाराही जणांना वाटलं.

३. गप्प राहण्यासाठी पैसे देणं हा गुन्हा आहे का?

नाही. दोन सज्ञान माणसांनी पैसे घेऊन-देऊन असा करार करणं न्यूयॉर्कमध्ये गुन्हा नाही. गुन्हा आहे तो धंद्याच्या वहीत खोटी नोंद करण्याचा, आणि तोही एरवी किरकोळ स्वरूपाचा. दुसरा एखादा गुन्हा करण्यासाठी किंवा झाकण्यासाठी ती खोटी नोंद केली असेल, तरच तो गंभीर गुन्हा होतो, ज्याला तिकडे ‘फेलनी’ म्हणतात. इथे तो दुसरा गुन्हा म्हणजे बेकायदा मार्गाने निवडणुकीवर प्रभाव टाकणं, असं सरकार पक्षाने मांडलं. खटल्यावरची सगळी गंभीर टीका याच दुव्याभोवती फिरते. ती प्रश्न ११ मध्ये घेतली आहे.

४. ज्युरी म्हणजे कोण? मॅनहॅटनमध्ये सगळे डेमोक्रॅटच, मग निकाल आधीच ठरलेला नव्हता का?

बारा सामान्य नागरिक: सात पुरुष, पाच स्त्रिया. त्यांची नावं गुप्त ठेवली होती. मॅनहॅटनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला भरघोस मतं पडतात हे खरंच आहे, आणि ट्रम्प यांच्या वकिलांची ही तक्रार पहिल्या दिवसापासून होती. पण निवड कशी झाली तेही पाहायला हवं. पहिल्या दिवशी बोलावलेल्या ९६ जणांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘मला या माणसाबाबत निष्पक्ष राहता येणार नाही’ असं स्वतःहून सांगितलं आणि त्यांना घरी पाठवलं गेलं. उरलेल्यांची उलटतपासणी दोन्ही बाजूंच्या वकिलांनी केली, त्यांची जुनी समाजमाध्यमं चाळली, आणि कारण न देता काही जणांना वगळण्याचा हक्क दोन्ही बाजूंना सारखा होता. निवडलेल्या बारांत दोन वकीलही होते. आणि निकाल एकमताचा लागतो. एकजण जरी ठाम राहिला असता तरी दोषसिद्धी झाली नसती.

आपल्याकडे ज्युरी म्हटलं की पटकन आठवतो तो मुंबईतला १९५९ चा नानावटी खटला. तिथे आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ असा निकाल ज्युरीने दिला आणि उच्च न्यायालयाने तो फिरवला. त्यामुळे ‘ज्युरी म्हणजे भावनेच्या भरात वाहून जाणारे लोक’ अशी समजूत आपल्या मनात घट्ट बसली आहे. न्यूयॉर्कच्या बारा जणांनी जवळजवळ सहा आठवडे रोज येऊन साक्षी ऐकल्या. विचारविनिमय करताना त्यांनी काही साक्षी पुन्हा वाचून दाखवायला सांगितल्या. निकाल पटो न पटो, त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि ‘विकले गेलेले लोक’ असं कुणी सहज लिहून जातं तेव्हा वाईट वाटतं.

५. निकाल आला त्या संध्याकाळी लोकांनी काय केलं? दंगली झाल्या का?

नाही. ज्याची सगळ्यांना धास्ती होती तेच झालं नाही. न्यायालयाबाहेरच्या बागेत दोन्ही बाजूंचे लोक जमले होते. काही नाचले, काही रडले, घोषणा झाल्या, पोलिसांनी अंतर राखलं. बाहेर येऊन ट्रम्प म्हणाले की हा खटला आधीच ठरवलेला होता आणि खरा निकाल ५ नोव्हेंबरला जनता देईल. ते वाक्य त्यांच्या प्रचाराचं सूत्रच बनलं.

त्यांच्या समर्थकांनी समाजमाध्यमांवर उलटा अमेरिकी झेंडा लावायला सुरुवात केली. ‘संकटात आहोत’ असं सांगायची ती जुनी खूण. हेरिटेज फाउंडेशन या मोठ्या पुराणमतवादी संस्थेनेही आपल्या इमारतीवर उलटा झेंडा लावला. मग ‘मी गुन्हेगारालाच मत देणार’ अशा अर्थाचे टी-शर्ट विकायला आले. दुसऱ्या बाजूला डेमोक्रॅट मंडळींनी ‘दोषसिद्ध गुन्हेगार’ हे विशेषण त्यांच्या नावापुढे पदवीसारखं लावायला सुरुवात केली. दोन्ही बाजूंना तोच शब्द हवा होता. एकीला शिवी म्हणून, दुसरीला बिल्ला म्हणून.

६. दोषी ठरल्यावर देणग्या वाढल्या हे खरं आहे का?

खरं आहे, आणि अंगावर येईल इतक्या वाढल्या. निकालानंतर काही तासांत छोट्या देणगीदारांकडून ३ कोटी ४८ लाख डॉलर आल्याचं ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेने जाहीर केलं. चोवीस तासांचा आकडा तिने ५ कोटी २८ लाख सांगितला. देणग्या घेणारं संकेतस्थळ गर्दीने काही काळ बंद पडलं. दुसऱ्याच दिवशी अब्जाधीश टिमोथी मेलन यांनी ट्रम्प यांना पाठिंबा देणाऱ्या एका निधीला ५ कोटी डॉलर दिले. मे महिन्याचा एकूण आकडा ट्रम्प यांच्या बाजूने १४ कोटी १० लाख सांगण्यात आला, तर बायडेन यांच्या बाजूने साडेआठ कोटी. तोवर बायडेन पैशांत पुढे होते.

इथे एक गल्लत होते. ‘देणग्या वाढल्या म्हणजे लोकांनी निकाल नाकारला’ असं अनुमान अनेक जण काढतात. देणगी देणारा हा आधीच पक्का समर्थक असतो. त्याचा राग खिशातून बाहेर पडला एवढंच त्यातून कळतं. सर्वसाधारण मतदाराला काय वाटत होतं, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

७. मग सामान्य अमेरिकनांना निकाल योग्य वाटला की अयोग्य?

बहुतेक सर्वेक्षणांत योग्य वाटणाऱ्यांचं पारडं जड होतं. एबीसी न्यूज आणि इप्सॉसच्या पाहणीत निकाल बरोबर म्हणणारे ५० टक्के, चूक म्हणणारे २७ टक्के, आणि उरलेल्यांना सांगता येत नव्हतं. ट्रम्प यांनी माघार घ्यावी असं ४९ टक्क्यांना वाटत होतं. पण त्याच पाहणीत जवळपास निम्म्या लोकांचं असंही मत होतं की आरोप राजकीय हेतूने ठेवले गेले.

ही दोन उत्तरं परस्परविरोधी आहेत असं वाटतं, पण तसं नाही. माणूस दोषी असू शकतो आणि त्याच्यावर खटला भरायची घाई राजकीयही असू शकते, असं म्हणणारा एक मोठा गट तिथे आहे. आपल्याकडे नाही का, पुढाऱ्यावर धाड पडली की गावातली माणसं म्हणतात, ‘खाल्लं तर आहेच, पण आत्ताच कसं आठवलं?’ हा मधला गट बातम्यांत दिसत नाही, कारण तो ओरडत नाही. या सगळ्या प्रकरणात माझं सर्वाधिक लक्ष त्याच्याकडेच राहिलं आहे.

८. मतांवर परिणाम झाला की नाही? एकच काय ते सांगा.

झाला. थोडा झाला, आणि टिकला नाही.

रॉयटर्स-इप्सॉसने निकालानंतर लगेच विचारलं तेव्हा रिपब्लिकन मतदारांपैकी १० टक्के म्हणाले की आता ट्रम्प यांना मत देण्याची शक्यता कमी झाली. ३५ टक्के म्हणाले, वाढली. बाकीच्यांना काही फरक पडत नव्हता. कुठल्याच पक्षाशी न बांधलेल्यांपैकी २५ टक्के म्हणाले, कमी झाली. ‘शक्यता कमी झाली’ याचा अर्थ ‘मत बदललं’ असा होत नाही. मुळातच ट्रम्प नको असलेला माणूसही तेच उत्तर देतो.

याहून उपयोगी काम न्यूयॉर्क टाइम्सने केलं. आधीच्या चाचण्यांत ज्यांच्याशी बोलणं झालं होतं, त्यातल्या जवळपास २,००० मतदारांना त्यांनी निकालानंतर पुन्हा फोन केले. तीच माणसं, तोच प्रश्न. ट्रम्प यांची आघाडी आधी ३ टक्क्यांची होती, ती १ वर आली होती. सात राज्यांत काट्याची लढत असताना दोन टक्के ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही.

मग ते दोन टक्के गेले कुठे? नुसती तारखांची माळ पाहा. २७ जूनला बायडेन आणि ट्रम्प यांचा वादविवाद झाला आणि बायडेन यांचं वय हा एकच विषय उरला. १ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने माजी राष्ट्राध्यक्षांना अधिकृत कृतींसाठी फौजदारी संरक्षण देणारा निर्णय दिला. १३ जुलैला बटलर इथल्या सभेत ट्रम्प यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. गोळी कानाला चाटून गेली, आणि रक्ताळलेल्या चेहऱ्याने मूठ उंचावलेला त्यांचा फोटो जगभर गेला. २१ जुलैला बायडेन शर्यतीतून बाहेर पडले. दोषसिद्धीच्या बातमीवर चार आठवड्यांत एवढे थर चढले की ऑगस्टमध्ये तिच्याविषयी बोलणारा माणूस जुनं काहीतरी उकरून काढतोय असं वाटायला लागलं होतं. मतदाराच्या मनात तेव्हा महागाई होती, सीमेवरून येणारे लोक होते, घरभाडं होतं. शेवटी ट्रम्प यांना ४९.८ टक्के मतं आणि ३१२ निर्वाचक मतं (राज्याराज्यांच्या निकालावरून मिळणारी, ज्यांवर राष्ट्राध्यक्ष ठरतो) मिळाली, कमला हॅरिस यांना ४८.३ टक्के आणि २२६.

९. ‘गुन्हेगार राष्ट्राध्यक्ष नको’ म्हणणाऱ्या ट्रम्प समर्थकांचं निकालानंतर काय झालं?

हा प्रश्न फार कमी वेळा विचारला जातो, पण या पानावरचं सर्वात महत्त्वाचं उत्तर मला तरी हेच वाटतं.

यूगव्ह या संस्थेने निकालाच्या आधी, एप्रिलमध्ये, रिपब्लिकनांना तत्त्व म्हणून विचारलं होतं: गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला राष्ट्राध्यक्ष होऊ द्यावं का? फक्त १७ टक्के ‘हो’ म्हणाले. निकालानंतर, जूनमध्ये, तोच प्रश्न: ५८ टक्के ‘हो’.

म्हणजे निकालामुळे लोकांनी उमेदवाराबद्दलचं मत बदललं नाही, त्यांनी आपलं तत्त्वच बदललं. घरात नावडतं घडलं की आपण ते घडवणाऱ्याला दूर करत नाही, घराचा नियम थोडा सैल करतो, तसं. हे फक्त रिपब्लिकनांचं व्यंग आहे असं मी मानत नाही. ११ जून २०२४ ला बायडेन यांचा मुलगा हंटर बंदूक खरेदीच्या खटल्यात दोषी ठरला. ज्युरीचा निकाल मान्य आहे, माफी देणार नाही, असं बायडेन म्हणाले होते. १ डिसेंबरला त्यांनी माफी दिली. तेव्हा ‘कायद्यापुढे सगळे समान’ म्हणणाऱ्या कित्येकांनी बापाचं काळीज समजून घ्या असं लिहिलं. आपल्या माणसावर आली की तत्त्व कसं वाकतं, ते त्या सहा महिन्यांत दोन्ही बाजूंनी दाखवलं.

१०. एकाही रिपब्लिकन नेत्याने निकालाचा आदर करा असं म्हटलं नाही का?

म्हटलं. मेरीलँडचे माजी गव्हर्नर लॅरी होगन सिनेटसाठी उभे होते. निकाल यायच्या थोडं आधी त्यांनी लिहिलं की निकाल काहीही लागो, सर्व अमेरिकनांनी त्याचा आणि कायदेशीर प्रक्रियेचा आदर करावा. ट्रम्प यांच्या प्रचारप्रमुखांपैकी एक असलेल्या क्रिस लासिव्हिटा यांनी त्यावर जाहीर उत्तर दिलं, की तुम्ही तुमचा प्रचार आत्ताच संपवलात. प्रतिनिधीगृहाचे सभापती माइक जॉन्सन यांच्यापासून बहुतेक सगळे नेते ‘अमेरिकेच्या इतिहासातला लाजिरवाणा दिवस’ याच सुरात बोलत होते. ट्रम्प यांनी स्वतः नंतर होगन यांना पाठिंबा दिला. तरी नोव्हेंबरात होगन हरले, पण त्यामागे मेरीलँडचं डेमोक्रॅटिक वळणही आहेच. एका साध्या वाक्याला अशी किंमत मोजायला लागते हे दिसल्यावर बाकीचे गप्प बसले, यात नवल नाही.

११. टीका करणारे सगळे ट्रम्प समर्थकच होते का? खटल्यात खरोखर काही कच्चं नव्हतं का?

नाही, सगळे समर्थक नव्हते. ट्रम्प यांना अजिबात न मानणाऱ्या काही कायदेतज्ज्ञांनीही शंका घेतल्या, आणि त्या प्रामाणिक होत्या. मुख्य शंका अशा: किरकोळ गुन्ह्याला गंभीर करणारा जो ‘दुसरा गुन्हा’ (प्रश्न ३), त्यासाठी नेमके कोणते बेकायदा मार्ग वापरले यावर ज्युरीचं एकमत होणं बंधनकारक नव्हतं. फेडरल (म्हणजे केंद्रीय पातळीवरच्या) निवडणुकीशी संबंधित बाबीला राज्याचा कायदा लावणं ही नवी वाट होती. फेडरल सरकारी वकिलांनी याच व्यवहारात ट्रम्प यांच्यावर खटला भरला नव्हता. ब्रॅग हे निवडून आलेले डेमोक्रॅट होते. आणि मुख्य साक्षीदार कोहेन स्वतः २०१८ मध्ये गुन्हे कबूल करून तुरुंगवास भोगून आले होते.

सरकार पक्षाचं उत्तर असं की खोट्या व्यावसायिक नोंदींचे खटले न्यूयॉर्कमध्ये नेहमीच चालतात, आणि कोहेन यांच्या प्रत्येक महत्त्वाच्या विधानाला बिलं, धनादेश, ध्वनिफीत किंवा ‘नॅशनल एन्क्वायरर’ या साप्ताहिकाचे माजी प्रकाशक डेव्हिड पेकर यांच्यासारख्या दुसऱ्या साक्षीदाराचा आधार होता. मला स्वतःला पुरावा भक्कम वाटतो आणि कायद्याची मांडणी ओढूनताणून केलेली वाटते. ही दोन्ही मतं एकाच वेळी बाळगता येतात.

१२. दोषी माणूस उभाच कसा राहू शकतो? आपल्याकडे तर आमदारकी जाते.

अमेरिकेच्या घटनेत राष्ट्राध्यक्ष व्हायला तीनच मुख्य अटी आहेत: जन्माने नागरिकत्व, वय किमान ३५, आणि देशात १४ वर्षं वास्तव्य. गुन्ह्याचा उल्लेखच नाही. सत्ताधाऱ्याने खोटे खटले भरून विरोधकाला बाद करू नये, शेवटचा शब्द मतदाराचा असावा, असा त्याचा फायदा सांगितला जातो.

आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८ आहे. दोन वर्षं किंवा जास्त शिक्षा झाली की सदस्यत्व जातं, आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं उभं राहता येत नाही. पूर्वी अपील करून खुर्ची टिकवता येत असे. ती वाट सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये लिली थॉमस प्रकरणात बंद केली. राहुल गांधी यांची खासदारकी मार्च २०२३ मध्ये सुरतच्या निकालानंतर दुसऱ्याच दिवशी गेली आणि ऑगस्टमध्ये स्थगिती मिळाल्यावर परत आली. सावनेरचे सुनील केदार यांना डिसेंबर २०२३ मध्ये नागपूर जिल्हा बँक प्रकरणात पाच वर्षांची शिक्षा झाली आणि आमदारकी गेली. २०२४ ला त्यांच्या पत्नी तिथून उभ्या राहिल्या आणि हरल्या.

म्हणून आपल्याकडे दोषसिद्धीवर लोकांची प्रतिक्रिया मतपेटीतून थेट मोजताच येत नाही. उमेदवार समोर नसतोच, असते ती पत्नी, मुलगा किंवा भाऊ. अमेरिकेत ती मोजता आली, आणि म्हणूनच हे उदाहरण आपल्याला एवढं खुणावतं.

१३. चौदाव्या घटनादुरुस्तीने त्यांना रोखता येणार होतं ना?

ते वेगळं प्रकरण. बंडात भाग घेणाऱ्याला पद भूषवता येत नाही, असं त्या दुरुस्तीचं तिसरं कलम म्हणतं. ६ जानेवारी २०२१ ला अमेरिकी संसदेवर झालेल्या हल्ल्यावरून कोलोरॅडोच्या न्यायालयाने ट्रम्प यांना मतपत्रिकेवरून काढलं होतं. ४ मार्च २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराबाबत हे राज्यांना करता येणार नाही. न्यूयॉर्कच्या खटल्याशी याचा संबंध नाही.

१४. तुरुंगातून कुणी राष्ट्राध्यक्षपद लढवलंय का?

हो. समाजवादी नेते युजीन डेब्स. पहिल्या महायुद्धाविरुद्ध भाषण केलं म्हणून त्यांना १० वर्षांची शिक्षा झाली आणि १९२० ची निवडणूक त्यांनी अटलांटाच्या तुरुंगातून लढवली. त्यांना नऊ लाखांवर मतं पडली. जिंकलेले हार्डिंग यांनी १९२१ च्या अखेरीस त्यांची शिक्षा कमी करून त्यांना सोडलं. आपल्याकडे जॉर्ज फर्नांडिस १९७७ मध्ये तुरुंगात असतानाच मुजफ्फरपूरमधून प्रचंड मतांनी निवडून आले, पण ते दोषी ठरलेले नव्हते, खटला चालू होता. हा फरक विसरला जातो.

१५. टिळकांनाही ज्युरीने दोषी ठरवलं होतं आणि लोक त्यांच्यामागे उभे राहिले. मग ट्रम्प समर्थकांचं काय चुकलं?

हा प्रश्न थोड्याफार फरकाने बऱ्याच जणांनी पाठवला, आणि तो टाळण्यासारखा नाही. २२ जुलै १९०८ रोजी मुंबई उच्च न्यायालयात सात विरुद्ध दोन मतांनी टिळक दोषी ठरले. सात युरोपियन एका बाजूला, दोन पारशी दुसऱ्या बाजूला. सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, पुढे ती मंडालेला भोगावी लागली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक, या हिशोबाने सहा दिवस हरताळ पाळला. तेव्हा ज्युरीने दोषी ठरवलं की लोकांनी मान खाली घालावीच, असं मराठी माणूस तरी म्हणू शकत नाही.

पण तपशील जुळवून पाहा. टिळकांचा गुन्हा ‘केसरी’तले लेख हा होता, म्हणजे उघडपणे, नावानिशी मांडलेलं मत. कायदा परक्या सरकारचा, ज्युरीत बहुमत त्या सरकारच्या जातभाईंचं, आणि एकमताची अटही नव्हती. तो कायदा बदलायला टिळकांच्या हाती मत नव्हतं. ट्रम्प यांना आपले वकील निवडता आले, ज्युरर वगळता आले, साक्ष द्यायची की नाही ते ठरवता आलं (त्यांनी दिली नाही), अपिलाची दारं उघडी होती, आणि आरोप होता झाकून ठेवलेल्या कागदांचा. ट्रम्प यांनी स्वतःची तुलना नेल्सन मंडेलांशी केली होती. समर्थकांना ती मनापासून पटली असेल, त्यांच्या भावनेला मी खोटं म्हणत नाही. मला ती तुलना पटत नाही.

१६. शिक्षा शेवटी काय झाली? तुरुंगात तर गेले नाहीत.

प्रत्येक आरोपाला कमाल चार वर्षांचा तुरुंगवास होऊ शकत होता. शिक्षेची तारीख ११ जुलैवरून सप्टेंबरात, तिथून नोव्हेंबरात, आणि निवडणुकीनंतर आणखी पुढे गेली. शेवटी १० जानेवारी २०२५ ला, शपथविधीला दहा दिवस असताना, मर्चन यांनी बिनशर्त मुक्तता दिली: तुरुंग नाही, दंड नाही, देखरेख नाही. फक्त दोषसिद्धी नोंदीवर कायम. आदल्या दिवशी ही सुनावणी थांबवायला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नकार दिला होता. खटला चालू असताना बोलण्यावरची बंधनं मोडल्याबद्दल एकूण १० हजार डॉलर दंड झाला होता, तो वेगळा.

शिक्षा न झाल्याने ‘मग दोषी ठरवून उपयोग काय’ अशी निराशा एका बाजूला, आणि ‘बघा, खटल्यात दम नव्हताच’ असा जल्लोष दुसऱ्या बाजूला झाला. निवडून आलेल्या राष्ट्राध्यक्षाच्या पदावर अतिक्रमण न करता एवढीच शिक्षा देता येते, असं कारण न्यायाधीशांनी दिलं होतं.

१७. राष्ट्राध्यक्ष झाल्यावर ते स्वतःला माफ करू शकतात का?

या खटल्यात नाही. राष्ट्राध्यक्षाचा माफीचा अधिकार फेडरल गुन्ह्यांपुरता आहे. हा राज्याचा खटला असल्याने तो अधिकार न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांकडे आहे.

१८. दोषी ठरल्यावर त्यांना स्वतःला मत देता आलं का?

आलं. ते फ्लोरिडाचे मतदार आहेत. फ्लोरिडाचा नियम असा की दुसऱ्या राज्यात दोषी ठरलेल्याला त्या राज्याचा नियम लावायचा, आणि न्यूयॉर्कमध्ये प्रत्यक्ष तुरुंगात असलेल्यालाच मत देता येत नाही. गंमत म्हणजे आपल्याकडे उलट आहे: कच्च्या कैद्याला तुरुंगातून निवडणूक लढवता येते, पण मत देता येत नाही.

१९. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यातही ते दोषी ठरले होते ना? तोही यातच धरायचा का?

नाही. ई. जीन कॅरोल यांचे दोन्ही दावे दिवाणी होते. मे २०२३ मध्ये ज्युरीने ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी जबाबदार धरून ५० लाख डॉलर, आणि जानेवारी २०२४ मध्ये बदनामीसाठी ८ कोटी ३३ लाख डॉलर भरपाई ठरवली. दिवाणी दाव्यात ‘जबाबदार’ धरतात, ‘दोषी’ नाही, आणि पुराव्याची पातळीही खालची असते. ट्रम्प यांनी सगळं नाकारलं आहे. बाकीचे तीन फौजदारी खटले मतदानाआधी ज्युरीपुढे गेलेच नाहीत, त्यामुळे मतदारांसमोर दोषसिद्धी होती ती हीच एक.

२०. अमेरिकेतल्या आमच्या नातेवाइकांना याचा एवढा राग का?

ज्यांच्याकडे नागरिकत्व आहे ते मत देतात, आणि त्यांची मतंही विभागलेली असतात. राग दिसतो तो ग्रीन कार्डवाल्यांत किंवा नागरिकत्वाच्या रांगेत असलेल्यांत. त्यांच्या अर्जात साधी अटकही लिहावी लागते, चांगल्या चारित्र्याची खात्री पटवावी लागते, आणि काही गुन्ह्यांत दोषी ठरलं तर देश सोडायची वेळ येऊ शकते. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीने मला विचारलं होतं, ‘दादा, आम्हाला जो कागद भरताना हात थरथरतो, तो तिथे का लागत नाही?’ प्रश्न १२ मधलं घटनेचं उत्तर मी तिला सांगितलं. तिला ते कळलं, पण तिचं समाधान झालं नाही, आणि ते व्हावं असा आग्रह मी धरला नाही.

२१. अपिलात निकाल फिरला तर हे सगळं पान खोटं ठरेल का?

ऑक्टोबर २०२५ मध्ये ट्रम्प यांच्या वकिलांनी न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयात दोषसिद्धीला आव्हान दिलं. राष्ट्राध्यक्षांच्या संरक्षणाच्या निर्णयामुळे (प्रश्न ८) काही पुरावा ज्युरीसमोर यायलाच नको होता, हा त्यांचा एक मुख्य मुद्दा. खटला फेडरल न्यायालयात नेण्याची त्यांची वेगळी लढाईही चालू राहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने खालच्या न्यायाधीशांना त्या मागणीचा फेरविचार करायला सांगितलं.

दोषसिद्धी रद्द झाली तर कायद्याच्या दृष्टीने ते दोषी राहणार नाहीत, आणि मी ‘दोषी’ हा शब्द वापरणं थांबवेन. प्रश्न ७ ते ९ मधले आकडे मात्र तसेच राहतील. निकाल खरा मानून लोक त्या उन्हाळ्यात जे बोलले, ते त्यांचं त्या वेळचं खरं बोलणं होतं. १७ चे ५८ टक्के झाले, ते कुठल्याही अपिलात फिरणार नाहीत.